मिठाचं जातं आणि चोरलेला सूर्य: दूरदर्शनला एक खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, दूरदर्शन, आणि प्रसार भारतीच्या अर्काइव्हजचं काम बघणारे सगळे,
वरळीचं मुंबई केंद्र, आल्तिन्होवरचं पणजी केंद्र,
आणि एनएफडीसी, म्हणजे पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सांभाळणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे म्हणून मुद्द्याचं आधीच लिहिते. मला तुमच्याकडून पिक्चर नकोय, तो तुमच्याकडे असेल असंही मी धरून चाललेली नाही. मला हवी आहे यादी. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या केंद्रावरून काय दाखवलं, एवढंच. तुमच्याकडे ज्याला एफपीसी म्हणतात तो चार्ट, आणि प्रत्यक्षात काय प्रक्षेपित झालं याच्या ज्या काही नोंदी असतील त्या. ऐंशीच्या दशकातल्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या या नोंदी स्कॅन करून सगळ्यांना बघायला ठेवा. आता का ते सांगते.

मी शिरोड्याची. वेंगुर्ला तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग. मी आणि माझी ताई लहानपणी टीव्हीवर पाहिलेला एक पिक्चर वर्षानुवर्षं शोधतोय. नाव माहीत नाही, मूळ भाषा माहीत नाही, नट-नट्या कोण त्याचा पत्ता नाही. आहेत ते फक्त तुकडे. एक जातं आहे, आपोआप फिरणारं, खुंट्याला कोणाचा हात नाही, आणि त्यातून पिठाऐवजी मीठ पडतंय, पडतच राहतंय. एक दाढीवाला लोहार आहे, त्याच्या तोंडावर भट्टीचा उजेड आहे आणि कॅमेरा त्याच्यावर इतका वेळ थांबतो की कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकलेला दिसतो. एक म्हातारी आहे जी सूर्य चोरून नेते आणि डोंगराच्या पोटात ठेवते, मग सगळीकडे काळोख, बर्फ, माणसं घरात कोंडलेली. आणि एक होडी, जी मिठाने भरत भरत काठापर्यंत पाण्यात जाते आणि शेवटी बुडते. यातलं सगळं एकाच पिक्चरमधलं आहे का, हाच खरा प्रश्न आहे, पण त्याच्यावर पुढे येते.

आवाजाची पण एक आठवण आहे. एकच बाई सगळ्यांचे संवाद हिंदीत म्हणत होती, लोहाराचे पण तिच्याच आवाजात आणि म्हातारीचे पण, आणि मागे बारीक आवाजात मूळ भाषा चालू होती. ताईला हे नक्की आठवतं, कारण आम्ही नंतर खेळताना तसंच करायचो, एकीने अॅक्टिंग करायची आणि दुसरीने भिंतीला टेकून सगळ्यांचे डायलॉग एका सुरात बोलायचे.

हे सगळं आम्ही बघितलं आबाकाकांच्या घरी. आबाकाका म्हणजे शेजारचे, नात्याचे नाहीत पण नात्याहून जवळचे. आमच्या वाडीत तेव्हा टीव्ही त्यांच्याकडेच, ब्लॅक अँड व्हाईट, शटरवाला, आणि अँटेना घरामागच्या माडाला वासा बांधून त्याच्या टोकाला. मे महिना होता. हे ठाम सांगते, कारण त्यांच्या माजघरात आंब्याची अढी घातलेली होती, टीव्ही माजघरातच होता आणि आम्ही पोरं गवतावर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून बसलो होतो, पिकत आलेल्या हापूसचा तो उबदार वास नाकात आणि समोर पडद्यावर बर्फ. आजही मला बर्फ बघितला की आंब्याचा वास आठवतो. टीव्हीवर मुंग्या येत होत्या, मग दादा बाहेर जाऊन वासा फिरवायचा आणि आतून सगळे ओरडायचे, आला आला, नाय नाय, गेला, परत फिरव.

माझी आजी पण होती. आजीने सगळं आयुष्य मिठागरात काढलं. शिरोड्याचं मिठागर बाहेरच्यांना माहीत आहे ते १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे, पण आम्हाला ते आजीच्या पायांमुळे माहीत. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हात आटवायचं, वर मीठ धरलं की लाकडी फळीने ओढून ढीग करायचे, आणि पहिली सर यायच्या आत ते ढीग झाकायचे. सगळं अनवाणी. टाचांना अशा भेगा की रात्री खोबरेल लावताना बोटाचं अर्धं पेर आत जायचं. तर ते जातं फिरायला लागलं आणि मीठ पडायला लागलं तशी आजी, जी एरवी टीव्हीसमोर पेंगायची, ती सरळ बसली आणि म्हणाली, "अगो, इतक्या मीठ ठेवतले खंय?" आणि नंतर घरी येताना, कंदिलाच्या उजेडात, कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "असला जाता माका गावला असता तर पायांची ही गत झाली नसती." त्या पिक्चरबद्दल मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर हे. आजीने जन्मात कुठल्या पिक्चरचं नाव काढलं नाही पण या पिक्चरची गोष्ट ती पुढे शेजारणींना सांगायची, आणि तिच्या सांगण्यात ती म्हातारी वाईट नव्हती. तिला थंडी वाजत होती म्हणून तिने सूर्य नेला, असं आजी सांगायची. हे पिक्चरमध्ये होतं की आजीने घातलं, मला माहीत करून घ्यायचं आहे.

आता साल. यावर आमच्या घरात पुष्कळ वाद झालेत पण एक खुंटी पक्की आहे. आबाकाकांनी टीव्ही घेतला तो 'रामायण' साठी. रामायण सुरू झालं २५ जानेवारी १९८७ ला, म्हणजे त्याच्या आधीचा मे निघाला. दुसऱ्या टोकाला, १९९१ च्या मे मध्ये राजीव गांधी गेले तेव्हाचं सगळं प्रक्षेपण आम्ही आमच्या स्वतःच्या टीव्हीवर बघितलं, आबाकाकांकडे जाणं तोपर्यंत बंद झालं होतं. म्हणजे १९८७ ते १९९० चे मे महिने. एवढाच टप्पा. तुमच्या रजिस्टरची किती पानं होतील ती? मला वाटतं कपाटाच्या एका खणात मावतील.

बरं, आम्ही स्वस्थ बसलेलो नाही. ज्याला ज्याला विचारलं त्याने काहीतरी सुचवलं. मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला 'छोटा चेतन' असेल. नाही. तो मूळ १९८४ चा मल्याळम थ्रीडी पिक्चर, आणि आपल्याकडच्या पोरांनी तो हिंदीत पाहिला १९९८ मध्ये, थिएटरात, चष्मे लावून. आमचं बालपण तोवर संपलं होतं. कोणी म्हणालं सत्यजित राय यांचा गुपी आणि बाघाचा पिक्चर, तेव्हा रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पिक्चर सबटायटल्सवर लागायचे त्यात पाहिला असशील. तो मी नंतर मुद्दाम बघितला, भुतांचा नाच बघून थक्क झाले, पण जातं नाही, लोहार नाही, बर्फ तर नाहीच. 'अजूबा' पण कोणीतरी सांगितला, तो १९९१ चा, त्यात सगळे ओळखीचे चेहरे आहेत, अमिताभ बच्चन दिसला असता तर आबाकाकांच्या माजघरात शिट्ट्या पडल्या असत्या.

मग एका मित्राने 'साम्पो' दाखवला आणि माझ्या अंगावर काटा आला. १९५९ चा, सोव्हिएत संघ आणि फिनलंडने मिळून केलेला, दिग्दर्शक अलेक्सांद्र पतुश्को. फिनलंडचं जे 'कालेवाला' नावाचं महाकाव्य आहे त्याच्यावर तो आहे. त्यात साम्पो म्हणजे एक जादूचं जातंच, लोहाराने घडवलेलं, महाकाव्यात एका बाजूने पीठ, एका बाजूने मीठ आणि एका बाजूने पैसा देणारं. लौही नावाची म्हातारी आहे, आणि हो, ती सूर्य चोरते. मी ताईला रात्री साडेअकराला फोन केला. ताईने पूर्ण पिक्चर बघितला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, लोहार हाच, म्हातारी हीच, पण होडी कुठाय? साम्पो समुद्रात फुटतो हे खरं, पण मिठाने भरून बुडणारी होडी त्यात नाही. आणि होडीबद्दल आम्हा दोघींची आठवण इतकी घट्ट आहे की ती सोडून देता येत नाही.

होडीची गोष्ट जगात आहे. नॉर्वेची लोककथा, समुद्र खारट का झाला त्याची, असबियर्नसन आणि मो यांनी गोळा केलेली, त्यात कप्तान जातं घेऊन जहाजावर येतो, मीठ दळ म्हणतो, आणि थांबवायचं कसं ते त्याला माहीत नसतं. ही गोष्ट आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांतून पण आली. तर शक्यता अशी की आम्ही साम्पो बघितला आणि पुढे कधीतरी ती गोष्ट वाचली आणि दोन्ही एकमेकांत मिसळलं. किंवा अशी की साम्पो आम्ही पाहिलाच नाही, वेगळाच एखादा पिक्चर होता ज्यात होडीपण होती. किंवा दोन वेगळे पिक्चर, दोन वेगळ्या मे मध्ये. आठवणीवर जोर देऊन यातलं काहीच सुटत नाही. ताई आणि मी जितकं बोलतो तितकी आमची आठवण एकमेकींच्या आठवणीसारखी होत जाते. इथे बाहेरचा कागदच लागतो, ज्याने कोणाचं ऐकलेलं नाही असा.

रंगाचंच बघा. माझ्या डोक्यात तो पिक्चर काळा-पांढरा आहे. पण टीव्हीच काळा-पांढरा होता! साम्पो रंगीत आहे. म्हणजे रंगावरून काही ठरवता येत नाही. मी सुरुवातीला पन्नासच्या आधीचे काळे-पांढरे पिक्चर शोधत बसले त्यात बराच काळ गेला, आणि असे शोधणारे आमच्या वयाचे अनेक असणार म्हणून हे इथे लिहून ठेवते.

नावाचंही तेच. या सोव्हिएत परीकथांचे पिक्चर जगभर फिरले ते स्वतःच्या नावाने फिरले नाहीत. साम्पो अमेरिकेत १९६४ मध्ये कापून, वेगळंच नाव देऊन दाखवला गेला. पतुश्कोचाच १९५३ चा 'सादको' आहे, त्याचा नायक सुखाचा पक्षी शोधत शोधत चक्क भारतात येतो, आणि त्या पिक्चरला अमेरिकेत नेताना नायकाला सिंदबाद करून टाकलं, त्या कामात तेव्हाचा तरुण कोपोला होता, पुढे दिग्दर्शक म्हणून जगप्रसिद्ध झाला तोच. म्हणजे दूरदर्शनकडे हा पिक्चर कुठल्या नावाने आला असेल, हिंदीत त्याला काय नाव दिलं असेल, आणि निवेदिकेने पिक्चर सुरू व्हायच्या आधी काय सांगितलं असेल, ते फक्त तुमच्या नोंदीतून कळेल. मूळ नावाने जगभर शोधून काय उपयोग, आम्हाला इथलं नाव पाहिजे.

आता या सगळ्याला एक फाटा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. आबाकाका आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारलं तर ते ठामपणे म्हणाले, "अगो, तो पिक्चर आपलो नाय. तो दर्याच्या पलीकडचो." त्यांचं म्हणणं, मे महिन्यात उकाडा वाढला आणि वारा पडला की अँटेनावर भलतंच काहीतरी लागायचं, कधी उर्दू बातम्या, कधी अरबी अक्षरं, आणि ते मुद्दाम वासा समुद्राकडे फिरवून बघायचे. ही थाप नाही. पावसाच्या आधी समुद्रावर थंड दमट हवेच्या थरावर गरम कोरडी हवा येऊन बसते, आणि टीव्हीच्या लहरी एरवी सरळ आकाशात निघून जातात त्या या थराखाली अडकून पाण्याच्या कडेकडेने शेकडो किलोमीटर जातात. मुंबईत ऐंशीच्या दशकात कराचीचं पीटीव्ही लागायचं हे तर कितीतरी लोकांनी बघितलंय, आणि मुंबई ते कराची सरळ धरलं तर नऊशे किलोमीटरच्या आसपास. मग शिरोड्याच्या किनाऱ्यावर माडाच्या उंचीवरच्या अँटेनाला एखाद्या रात्री पलीकडचा पिक्चर मिळाला असेल तर नवल नाही. फक्त ती हिंदीत बोलणारी बाई? ती उर्दू असेल का? लहान मुलाला काय फरक कळणार. आबाकाका म्हणतात उर्दूच. ताई म्हणते हिंदी. मी रोज मत बदलते.

म्हणून यादी पाहिजे, आणि म्हणूनच मी म्हणतेय की यादीत तो पिक्चर नाही सापडला तरी माझं काम होईल. १९८७ ते १९९० च्या मे महिन्यांत दिल्ली, मुंबई, पणजी यातल्या कुठल्याच केंद्रावरून असा पिक्चर गेला नाही असं कळलं, तर आबाकाका बरोबर ठरतील आणि शोध समुद्रापलीकडे न्यायचा एवढं निश्चित होईल. आज आम्हाला ते सुद्धा ठरवता येत नाही. हो आणि नाही, दोन्ही उत्तरं तुमच्याच वहीत आहेत.

तुम्ही म्हणाल, एका पिक्चरसाठी एवढा खटाटोप? एकासाठी कुठे! १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या हेच बघत वाढल्या, सगळ्यांनी एकच बघितलं, एकाच वेळी. १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तेव्हापासून तर सगळ्या देशाने. आज ज्याला त्याला आपापला एखादा असा तुकडा आहे, कोणाला काचेचा डोंगर, कोणाला बोलणारा घोडा, कोणाला एका झेक कार्टूनमधली उंदराची शेपटी, आणि प्रत्येक जण एकटा शोधतोय.

इंग्लंडात हे झालेलं आहे. बीबीसीने 'रेडिओ टाइम्स' या स्वतःच्या साप्ताहिकातली १९२३ ते २००९ ची सगळी कार्यक्रमपत्रकं स्कॅन केली आणि २०१४ मध्ये 'जीनोम' नावाने सगळ्यांसाठी खुली केली. पिक्चर नाही, कार्यक्रम नाही, फक्त पत्रकं. मशीनने वाचताना चुका झाल्या त्या वाचकांनीच दुरुस्त करून दिल्या. आपल्याकडेही आकाशवाणीच्या जुन्या 'इंडियन लिसनर' चे अंक स्कॅन झालेले वाचायला मिळतात, चाळीसच्या दशकात कुठल्या संध्याकाळी रेडिओवर कोण गायलं ते मला शिरोड्यात बसून कळतं. मग १९८८ च्या मे मध्ये टीव्हीवर काय लागलं ते का कळू नये?

पिक्चर स्वतः तुमच्याकडे का नसेल तेही मी समजू शकते. बाहेरचा पिक्चर ठराविक वेळा दाखवायच्या हक्काने घेतला जातो, दाखवून झाला की प्रिंट किंवा टेप परत. तेव्हाच्या टेपा महाग, त्या पुसून पुन्हा वापरायची रीत जगभरच्या टीव्हीवाल्यांत होती. त्याबद्दल कोणाला बोल लावायचा नाही. पण यादीवर कोणाचा कॉपीराइट अडत नाही, आणि ती पुसून पुन्हा वापरली जात नाही. ती फक्त सडते.

आणि सडते हे आम्हा कोकणातल्या लोकांना कोणी सांगायला नको. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे सुद्धा बुरशी धरतात. दुसरा रस्ता म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, त्यात रोज 'आज दूरदर्शनवर' असा चौकोन यायचा, आणि मी तो रस्ता पण धरलाय. पण चौकोनात बहुतेक वेळा नुसतं 'फीचर फिल्म' किंवा 'बालचित्रपट' एवढंच छापलेलं असतं. आणि फाईली टिकणार कुठे? चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, त्याला २००५ चा पूर लागला आणि २०२१ च्या २२ जुलैचा पण लागला, आणि ज्या लोकांनी तिथे चिखलातून पुस्तकं वेचून वाळत घातली त्यांना मी मनापासून नमस्कार करते. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ पासूनचं. या जुन्या वाचनालयांकडे जे काही वाचलंय ते पुढच्या पुराआधी फोटो काढून ठेवायला हवं. ते काम आम्ही किनाऱ्यावरचे वाचक करू. पण तुमच्या कपाटातलं काम तुम्हीच करू शकता.

एनएफडीसीला वेगळं सांगायचं आहे. १९५५ मध्ये सुरू झालेली बाल चित्रपट समिती २०२२ मध्ये तुमच्यात विलीन झाली, पुण्याचं संग्रहालय पण तेव्हाच आलं. बाल चित्रपट समिती स्वतःचे पिक्चर काढायचीच, पण बाहेरच्या देशांतले मुलांचे पिक्चर घेऊन आपल्या भाषांत डब पण करायची. मग ती सगळ्यांचे संवाद म्हणणारी बाई कदाचित तुमच्या रजिस्टरमध्ये आहे. कुठले विदेशी पिक्चर घेतले, कधी डब केले, आवाज कोणाचा, दूरदर्शनला दिले का, ही यादी काढली तर त्या बाईला तिचं नाव मिळेल. एका बाईने एका रात्री अख्ख्या देशातल्या पोरांना म्हातारी, लोहार, राजकन्या आणि दर्या अशा सगळ्यांच्या आवाजात गोष्ट सांगितली आणि तिचं नाव कोणालाच माहीत नाही, हे मला बरं वाटत नाही. तुमच्याच पुण्याच्या संस्थेत पी. के. नायर होऊन गेले, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चे राहिलेले रीळ त्यांच्या कुटुंबाकडून मिळवून ते जपणारे. एवढं सगळं करणाऱ्या घराला रजिस्टर स्कॅन करणं जड नाही.

मला माहीत आहे की दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. पण त्यातून मिळेल ती एकटीला मिळेल, एका मे महिन्याची मिळेल, आणि दुसरा माणूस परत अर्ज टाकेल, तुमचा माणूस परत तेच कपाट उघडेल. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये म्हटलंय की सरकारी संस्थांनी शक्य तेवढी माहिती लोकांनी मागायच्या आधीच स्वतःहून मांडावी. ही तीच माहिती आहे. तुम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातच 'वेव्हज' ओटीटी सुरू केलं, त्यावर जुन्या मालिका बघून आमच्याकडची म्हातारी माणसं खूश आहेत. त्याच्याच एका कोपऱ्यात ही पानं टाका. नीट टाईप केलेली नकोत, सर्च नको, सुंदर डिझाईन नको. मोबाईलने काढलेले फोटो चालतील. हस्ताक्षर लागत नसेल तर आम्ही लावू. शाळेचे निवृत्त शिक्षक आहेत आमच्याकडे, आयुष्यभर पोरांचं अक्षर वाचलेले. ते टाईप करून देतील, फुकट, आणि आनंदाने.

घाई एकाच कारणासाठी करतेय. आजी गेली त्याला खूप वर्षं झाली. दादा तेव्हा बाहेर वासा धरून उभा होता म्हणून त्याने अर्धाच पिक्चर बघितला. आबाकाकांची आठवण अजून तल्लख आहे, पण परवा बोलताना त्यांनी दोनदा विचारलं की कुठला पिक्चर. ज्यांनी तो त्या रात्री मोठेपणी, समजून-उमजून बघितला असे आमच्या वाडीत आता ते एकटेच उरलेत. कागद हातात आला आणि त्यांच्यासमोर ठेवून विचारता आलं, आबाकाका, हाच का, तर ते ओळखतील.

तेव्हा सुरुवात १९८७, ८८, ८९ आणि ९० च्या मे महिन्यांपासून करा, आधी पणजी केंद्र आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम, मग मुंबई. आमच्या बाजूला अँटेना बहुतेक गोव्याकडे तोंड करूनच असायचे. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या वर्षांत वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण, पेडणे या पट्ट्यात टीव्ही बघितला असेल आणि मिठाने बुडणारी होडी आठवत असेल, तर या पत्राखाली लिहा. रात्रीचे किती वाजले होते, आवाज हिंदी होता की उर्दू, आणि अँटेना कुठल्या दिशेला होता, एवढं आठवलं तरी पुष्कळ.

आपली नम्र,
शिरोड्याची एक प्रेक्षक